स्पंजाचं विरजण

लातुरात नळाला पाणी आलं की घरात लगीनघाई. रोज येणारं असतं तर कुणी विचारलंही नसतं, पण आठवड्यानं येणाऱ्या पाहुण्याचे लाड होणारच. भामाबाई पिंपं भरायच्या, चादरी आपटायच्या आणि घरात जे जे मळकं दिसेल ते घासून काढायच्या. त्या दिवशी सून धम्मप्रिया लॅबमध्ये कामाला गेली होती आणि भामाबाईंची नजर तिच्या माशांच्या टाकीवर पडली. फिल्टर उघडून बघतात तर आतला स्पंज तपकिरी, चिकट, शी! पोरगी दिवसभर लोकांचं रक्त तपासते, तिला कुठली सवड? त्यांनी तो नळाखाली धरला, नवाकोरा दिसेपर्यंत चोळला आणि परत बसवला. सूनबाई खूश होणार म्हणून दिवसभर मनात मांडे खाल्ले.

टाकी धम्मप्रियाच्या वडिलांची, रामकिशनरावांची. नांदेडला पोस्टात होते. गेल्या हिवाळ्यात ते गेले, तेव्हा लेकीनं माहेरून ना भांडं आणलं ना दागिना, ही टाकी तेवढी आणली. त्यातला मोठा गोल्डफिश त्यांच्या हातचं खाऊन वाढलेला. त्याचं पोट बघून भामाबाई त्याला शेठ म्हणायच्या. धम्मप्रिया वडिलांविषयी कधी बोलायची नाही. मयतीलाही रडली नव्हती म्हणे. संध्याकाळी शेठसमोर गुपचूप बसायची, बस्स.

दोन-तीन दिवसांत शेठनं खाणं टाकलं. सगळे मासे वर येऊन तोंडं वासू लागले. धम्मप्रियानं काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. ते पिवळं राहायला हवं होतं, झालं गर्द हिरवं. तिनं फिल्टर उघडला आणि स्पंज हातात घेऊन तशीच उभी राहिली. कुणी धुतला, असं तिनं विचारलंच नाही. तिनं विचारलं नाही म्हणूनच भामाबाईंचा जीव अर्धा झाला.

"म्या धुतला," त्या म्हणाल्या. "घाण दिसली म्हून. लई चुकलं का?"

धम्मप्रिया रागावली नाही. खाली बघत तिनं सांगितलं, की त्या घाणीतच डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि माशांच्या विष्ठेचं विष तेच पचवतात. स्पंज धुवायचा नसतो, टाकीतल्याच पाण्यात जरासा पिळायचा असतो. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं ते जीव मरतात. नांदेडहून येताना तिनं हा स्पंज ओलाच, डब्यात घालून मांडीवर आणला होता, कारण ते जीव बाबांच्या वेळचे होते.

"म्हंजी इरजण मेलं की गं," भामाबाई म्हणाल्या.

एक तांब्या पाणी सांडलं तर घर डोक्यावर घेणारी बाई, पण पिंपाचं झाकण त्यांनीच काढून दिलं. पिंपातल्या शिळ्या पाण्यातलं औषध उडालेलं होतं, ते सून टाकीत थोडं थोडं बदलत राहिली. पण नवे जीव धरायला महिना तरी लागणार आणि म्हाताऱ्या शेठला तेवढा दम निघणार नव्हता, हे दोघींनाही कळत होतं.

आता विरजण मेल्यावर बाई काय करते? वाटी घेऊन शेजारी जाते. सकाळी भामाबाईंनी झाकणाचा डबा घेतला आणि जिथं दाढ काढून घेतली होती तो दवाखाना गाठला, कारण तिथं बाकड्यासमोर माशांची टाकी होती. तिथं पेशंटची नावं लिहून घेणाऱ्या पुनमला त्या म्हणाल्या, बाई, तुमच्या टाकीतली जराशी घाण द्या. पुनमला वाटलं, दाढेबरोबर म्हातारीचं डोकंही गेलं. सगळं ऐकल्यावर मात्र तिनं फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून, टाकीच्या पाण्यात बुडवून दिला. भामाबाईंनी रिक्षात तो डबा पोटाशी धरला आणि सगळ्या खड्ड्यांवरून रिक्षावाल्याला शिव्या घालत घरी आणला. सुनेनं तो तुकडा फिल्टरमध्ये बाबांच्या स्पंजाला चिकटून बसवला.

दोन बारके मासे गेलेच. पण नळीतला हिरवा रंग दिवसेंदिवस फिका पडत गेला आणि एका संध्याकाळी शेठनं वर येऊन दाणा टिपला. ते बघितलं आणि धम्मप्रिया रडायला लागली. बापासाठी रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं रडली. भामाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि गप बस म्हणाल्या नाहीत.

पुढं स्पंज पिळायची वेळ आली तशा भामाबाई मुद्दाम भाजी निवडायला आत गेल्या. आता टाकीला बोटही लावायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. धम्मप्रियानं त्यांना हाक मारून बाहेर बोलावलं. समोर घमेल्यात टाकीतलं पाणी काढून ठेवलं होतं.

"बाबा हा स्पंज कधी कुणाच्या हातात देत नव्हते. माझ्यासुद्धा नाही," ती म्हणाली आणि तो तिनं सासूच्या ओंजळीत ठेवला. "आई, तुम्ही पिळा."

भामाबाईंनी तो पाण्यात बुडवला आणि पिळला, हलकेच, एकदाच.