अंगठ्यानं पाजलेलं पानी

माझं नाव कडूबाई. शिंगनापूरच्या शिवेला लागून आमची वस्ती. हितल्या घरांना दारं न्हाईत, कडी न्हाई, कुलूप न्हाई. चौकटीला पडदा लावला की झालं. दर्शनाला आलेली लोकं आमच्या चौकटींचे फोटू काढून नेत्यात. मी त्यांना सांगते, मागं एक चोर आल्ता, पन दारच न्हाई म्हनल्यावर आत कुठनं शिरावं ह्येच त्याला कळंना. दोन दिस उंबऱ्यावर बसून रडला. मग मीच त्याला भाकरी घातली आनि एसटीत बसवून दिला. निम्मी लोकं ह्ये खरं मानत्यात.

थापांची खोड मला पहिल्यापासनं. माझी नात सुकन्या ह्या थापांवरच वाढली. बहात्तरच्या दुष्काळात आमची हीर इतकी खोल खांदली की बादलीत पान्याऐवजी चांदन्या यायच्या, असं मी तिला सांगितलं, तर पाच वर्षांची ती पोर म्हनली, "मग एक बादली माझ्यासाठी ठिवायची न्हाई व्हय?" तवाच मला कळाय पायजे हुतं, ही पोरगी हिशोब मागनारी हाय.

शिकून ती पुन्याला इंजिनेर झाली. ती आनि कल्यान नावाचा तिच्याबरोबरचा पोरगा, दोघांनी मिळून एक डबा केला. दिसायला भाकरीच्या डब्यायेवढा, वरून काच. आत कापसासारखी भिजवलेली गादी, तिच्यात अळिवाचं बी. कोपऱ्यात पान्याची पिशवी, पिशवीला केसायेवढी नळी आनि नळीवर बारकी मोटार. रोज सकाळी मोटार घोटभर पानी देनार, दुपारी बारा वाजता डबा आपला आपन फोटू काढनार. हा डबा रॉकेटवर बसवून वर सोडायचा. वर वजनच नसतं म्हनं, पानी खाली पडत न्हाई, तवा रोप कसं वाढतं ते बघायचं. सहा वर्षं ती ह्याच्यामागं हुती. लग्नाचं इचारलं की म्हनायची, डबा वर जाऊ दे.

डब्याच्या सगळ्या चाचन्या झाल्या. हादरवून बघितला, तापवला, गारठवला, हवा काढून घेतली. एकच राहिली. एकवीस दिस कुनी हात न लावता डब्यानं आतलं रोप जगवून दावायचं. नेमकी त्याच टायमाला त्यांच्या कारखान्याची जागा बदलायची हुती. सामान हालनार, धूळ उडनार. म्हनून सुकन्या डबा घेऊन हितं आली. मधल्या खोलीत फळीवर ठिवला आनि पिशवीतनं बारकं कुलूप काढलं.

आमचं म्हातारं, सुकन्याचा आजा, जेवत हुतं, ते ताटावरनं उठलं. ह्या घरात चार पिढ्या कशाला कुलूप लागलं न्हाई, धान्याच्या कनगीला न्हाई, माझ्या लुगड्याच्या पेटीला न्हाई, तर ह्या डब्याला बी लागनार न्हाई, असं म्हनलं. देवाच्या गावात राहून देवावर संशय घ्यायचा का? सुकन्यानं लई समजावलं. मग कागदाची पट्टी तरी चिकटवते म्हनली, तर म्हातारं म्हनलं, पट्टी म्हंजे कुलपाची धाकटी भन. शेवटी तिनं कुलूप पिशवीत टाकलं, माझ्याम्होरं बसली आनि माझा हात आपल्या डोक्यावर ठिवला.

"आजे, वर कुनी मानूस नसनार. म्हनून हितं बी न्हाई. रोप मेलं तर मरू दे, पन हात लावू नको. शपथ घे."

मी घेतली.

तीन दिस बरे गेले. अळीव उगवला, हिरवी केसरं दिसाय लागली. ती मोबाईलवर रोजचा फोटू बघायची आनि फोन करायची. चौथ्या दिशी सकाळी मी काचंतनं बघितलं, तर माना टाकलेल्या. पिशवी मातर टच्च भरलेली. मोटारीचा आवाज आल्ता, मी सोता ऐकला हुता, पन पानी काय उतरलं न्हवतं. गाय पान्हा चोरती ना, तशी गत.

आमच्याकडं डाळिंबाला ठिबक हाय. नळीत हवा धरली की पानी अडतं. मग आमी काय इंजिनेर बोलवत न्हाई. नळी अंगठ्यानं दाबायची, हवा फुसकन् निघती, पानी सुरू. दिसातनं धा येळा करते मी ते. हात आपला आपन जातो.

तसाच गेला. झाकनाचा चाप काढला, झाकन बोटभर उचललं, पिशवी अंगठ्यानं दाबली. आधी एक बुडबुडा सरकला आनि त्याच्यामागनं पानी. झाकन लावलं. बारा वाजता फोटू निघाला तवा रोपं ताठ हुती.

मला वाटलं, एकदाच. हवा निघाली, आता मोटार तिचं काम करंल. दुसऱ्या दिशी परत तेच. फोन करून सांगावं असं आलं मनात. पन तिकडनं ती म्हनायची, आजे, ह्येवढी चाचनी पार पडली की रॉकेटवरची आपली जागा पक्की, आनि तिच्या आवाजात असं काय हुतं की माझ्या तोंडातनं निघंना. रोप मरताना बघायची सवय न्हाई मला. माझ्यासारखीनं दुष्काळात तोंडचं पानी लिंबाच्या रोपाला घातलंय, आनि ही थाप न्हाई.

एकवीस दिसांतले अठरा दिस मी ते रोप पाजलं.

ती न्यायला आली तवा डब्याम्होरं मांडी घालून बसली आनि रडली. गल्लीत पेढे वाटले. बायकांनी इचारलं, कडूबाई, तुमी काय केलं वो ह्यात? मी म्हनले, मीच तर रोज पान्हवत हुते त्याला, न्हाईतर कशाचं जगतंय. सगळ्या हासल्या. सुकन्या बी हासली, म्हनली, आजीला रॉकेटवर बसवून पाठवू. मी खरं सांगून टाकलं आनि कुनी ऐकलं न्हाई, म्हनून मला बरं वाटलं. त्याची लाज अजून जात न्हाई.

कागदावर तिनं सही केली. एकवीस दिस, मानसाचा हात न लागता. त्या कागदावर जागा मिळाली आनि पौषात डबा वर गेला.

आमी टीव्हीवर बघितलं. जाळ, धूर, टाळ्या. म्हातारं उभं राहून हात जोडत हुतं. मी पडद्याकडं बघत न्हवते. मी मनात दिस मोजत हुते. एक, दोन, तीन. चौथ्या दिशी माना पडल्या. सातव्या दिशीचा फोटू कल्याननं मागनं दावला, त्यात नुसतं तपकिरी दिसत हुतं. वर कोन दाबनार?

सुकन्यानं फोन केला न्हाई. पंधरा दिसांनी कल्यानकडनं कळलं. त्यांनी सगळं तपासून बघितलं म्हनं. जमिनीवर एकवीस दिस चाललेली मोटार वर बंद पडती कशी? म्हंजे शेवटी डबा बांधताना नळी मुडपली असनार. आनि डबा सुकन्यानं सोता बांधला हुता. तिनं ते मान्य करून लेखी दिलं, चूक माझ्या हाताची. तरी रॉकेटवाल्यांनी एक संधी आनखी दिली, त्या एकवीस दिसांच्या कागदाकडं बघून. दुसरा डबा, तसाच, चैत्रात.

चैत्राच्या आधी दोन दिस ती घरी आली. वाळली हुती. जेवताना भाकरी मोडायची आनि हाताकडं बघत बसायची. म्हनली, आजे, मला माझ्या बोटांचा भरवसा राहिला न्हाई. ह्या बारीला डबा कल्यान बांधनार, मी नुसती लांब उभी राहनार.

दुसरा डबा तसाच हुता. तीच नळी, तीच मोटार. मी गप राहिले असते तर तो बी वर जाऊन मेला असता आनि ही पोरगी जल्मभर आपल्या बोटांकडं बघत बसली असती. सांगितलं तर पहिल्या कागदावरची सही खोटी ठरत हुती. दोन्हीकडनं तिचंच जात हुतं. माझं काय, मी पिकलं पान.

दुपारी ती मधल्या खोलीत बसली हुती तवा मी सांगितलं. सरळ. चौथा दिस, पिशवी, अंगठा.

ती आधी हासली. मग माझ्याजवळ सरकून माझ्या गुडघ्यावर हात ठिवला. म्हनली, माझं वझं तू घेऊ नको आजे, तुझ्या गोष्टी मला पाठ हायत.

"गोष्ट न्हाई सुके," मी म्हनले.

तिनं हात काढून घेतला. माझ्याकडं असं बघितलं जसं ती यंत्राकडं बघायची. आनि इचाराय लागली. चाप कोनत्या बाजूचा काढला? झाकन किती उचललं? किती वाजता? मी सांगत गेले. डाव्या अंगाचा, बोटभर, सकाळी धारा झाल्यावर. ती म्हनली, गल्लीतलं कुनी बी येवढं सांगंल, चाप तर वरनंच दिसतो. मग हळू इचारलं, "दाबल्यावर काय झालं? आधी काय आलं?"

"आधी बुडबुडा आला," मी म्हनले. "मोहरीयेवढा. नळीच्या तोंडापाशी अडायचा. जरा जोर लावला की निसटायचा, मगच पानी. रोज एकच बुडबुडा, रोज तिथंच."

तिचं तोंड बघता बघता उतरलं. बुडबुड्याचं तिनं कुनाला सांगितलं न्हवतं, कारन तिला बी ते ठावं न्हवतं. पन मी बोलले आनि तिला सगळं समोर दिसलं. मोटारीला तेवढा जोर न्हवताच. हितं बी न्हवता, वर बी न्हवता. सहा वर्षांत एकदा बी ते यंत्र आपलं आपन चाललंच न्हवतं.

बाहेर म्हातारं कुनाशी तरी उसाच्या तोडीचं बोलत हुतं. मग तिनं मोबाईल काढला आनि लिहाय लागली. मी म्हनले, माझं नाव घाल, म्हन म्हातारी खुळी हाय, तिनं केलं.

"तुझं नाव कुठं घालू?" ती म्हनली. "कुनी मानूस न्हवतं असं लिहून दिलंय मी. ते बघायचं काम माझं हुतं. कुलूप पिशवीत टाकलं ते मी टाकलं."

मी म्हनले, तू माझ्यावर वरड तरी. ती वरडली न्हाई. आपली चाचनी रद्द धरावी, जागा दुसऱ्या कुनाला द्यावी, असं लिहून तिनं पाठवून दिलं. मला वाचून बी दावलं, सरकारी मराठीत करून, शांत आवाजात. त्यात आजी असा शबूद न्हवता.

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. मी शिदोरी बांधून दिली हुती ती फळीवरच राहिली.

आता ज्येष्ठ लागलाय. परवा सकाळी फोन वाजला, मला वाटलं तिचा. कल्यान हुता. म्हनला, आजी, नवी मोटार बघतोय, तुमचा अंगठा किती जोरात दाबत हुता ते समजून घ्यायचंय. मी म्हनले, कसं सांगू रं बाबा जोर? तो म्हनला, घरात वजनाचा काटा हाय का? आमच्याकडं दूध मोजायचा काटा हाय. त्यानं सांगितलं तसं मी त्याच्यावर अंगठा ठिवला आनि त्या पिशवीवर दाबायचे तेवढाच दाबला. दोनशे चाळीस ग्रॅम आलं. परत दाबा म्हनला. दोनशे तीस. असं धा येळा. मी एक आकडा बी वाढवून सांगितला न्हाई.

मधीच तिकडं कुनीतरी खोकलं. कागदावर पेन सरकल्याचा आवाज येत हुता, माझा आकडा झाला की लगेच. मी म्हनले, कल्यान, सुकन्या हाय का तिथं?

पेनाचा आवाज थांबला. मग कल्यान म्हनला, आजी, अजून पाच येळा दाबा.

मी दाबलं.