मुरलेला वास

लिंबाची फोड त्यानं कोपरापर्यंत घासली, नखांत घातली, मग मानेवरून फिरवली. मागच्या दारी नळाखाली अंघोळ करताना दात वाजत होते. कातडी लाल झाली तेव्हा त्यानं अंग पुसलं आणि दार ढकललं.

बायकोनं दोन पावलं आत येऊ दिलं. मग रुमाल नाकाला गेला.

"अहो, नको. पोटात ढवळतंय."

"साबण दोनदा लावला गं."

"साबणाखाली आहे तो वास. मेल्या उंदरासारखा."

तीस वर्षं तो कारखान्यात कॉफी भाजत आला होता. कच्च्या बीला सुक्या गवताचा वास; भट्टीत तापली की आधी पावाचा, मग साखर जळताना येतो तसा. बी तडतडली की भट्टी कधी उघडायची, हे त्याचं नाक सांगे. नव्या संसारात बायको त्याच्या शर्टात तोंड खुपसून झोपायची. या थंडीत तिला ताप आला. ताप उतरला, नाक मात्र फिरलं.

"भाजलेल्या कॉफीत शेकडो वास एकत्र नांदतात," डॉक्टर म्हणाले. "त्यातले गंधकाच्या जातीचे दोन-चार फार उग्र. एरवी बाकीचे त्यांना सांभाळून घेतात. यांच्या नाकाला आता तेवढेच कळतात. येईल जाग्यावर, पण कधी ते सांगता येत नाही."

चार महिने तो बाहेरच्या खोलीत झोपला. ताटही दाराआडून सरकवलेलं यायचं. शेवटी त्यानं भट्टी सोडली.

"बायकोच्या नाकासाठी?" मुकादम हसला. "नाकापेक्षा मोती जड झाला की, बाबा!"

"मोती एकच आहे," तो म्हणाला आणि एप्रन खुंटीला लावला.

मिठाच्या गोदामात पोती उचलायचं काम मिळालं. साठीला टेकलेली पाठ तिसऱ्या दिवशी बोलू लागली. बोटांच्या भेगांत मीठ झोंबायचं, पण मिठाला वास नव्हता. जुने कपडे त्यानं जाळून टाकले. हळूहळू अंगातली कॉफी उतरली. स्वतःचा हात हुंगला तर काहीच नाही, जणू दुसऱ्या कुणाचा हात.

तरी रुमाल नाकाला जायचाच, आणि त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीतच राहिलं.

"थोडा आहे अजून," ती म्हणायची. "मुरलाय."

एके दिवशी गोदामाचा वजनकाटा बिघडला आणि दुपारीच सुट्टी झाली. घराची खिडकी उघडी होती. आत बायको आणि शेजारची शिंपीण बसल्या होत्या. बायकोनं कप दोन्ही हातांत धरला होता. घोट घेण्याआधी ती डोळे मिटून वाफ ओढून घेत होती.

"नाक बरं झालं म्हणून सांगितलंस का गं त्यांना?" शिंपिणीनं विचारलं. "दोन महिने झाले की."

"सांगेन." तिनं घोट घेतला. "एकटीच्या खोलीत किती शांत झोप लागते, तुला ठाऊकच आहे."

तो मागे वळला. कोपऱ्यापर्यंत गेला, तिथं थोडा उभा राहिला. परत येताना मोठ्यानं खोकला, फाटकाची कडी दोनदा आपटली. आत कप खणखणले, नळ सुटला.

तो आत आला तेव्हा शिंपीण मागच्या दारानं गेली होती. खोलीत वास भरून राहिला होता. आठवडाभरापूर्वी भाजलेली कॉफी, अर्धं मिनिट जास्त ठेवलेली. भट्टीवरच्या नव्या माणसाचा हात.

"आज लवकर?" बायको रुमाल चाचपत म्हणाली. मग खिडकीकडे बघत, "तुम्हाला कसला वास येतोय का हो?"

तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"नाही गं," तो म्हणाला. "माझंही नाक गेलंय बहुतेक."