गुरुवारची ट्यूब

आईच्या टेप भट्टीत ठेवाव्या लागतील, असं हनीफचाचा म्हणाले, तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते.

अकरा स्पूल होते. साडीच्या खोक्यात एकावर एक ठेवलेले, प्रत्येकावर तिच्या टोकदार अक्षरात 'गुरुवार' आणि क्रमांक. भोसरीतल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. आई तिथे अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला होती. सुट्टीच्या दिवशी ती चिंचवडच्या घरी, नापास मालातल्या सुट्या भागांतून स्वतः जुळवलेल्या ऑसिलेटरवर संगीत करायची. पेटी नाही, सतार नाही, नुसते विजेतून काढलेले सूर. १९७९ साली आमच्या कॉलनीत हे चालायचं, यावर लोकांचा आता कुठे विश्वास बसू लागला आहे. बंगळूरच्या एका ध्वनिसंग्रहातली दिव्या नावाची मुलगी आईला, यशोधरा ओव्हाळांना, असं संगीत करणारी 'पहिली' म्हणते. आईने विचारलं असतं, "पहिली म्हणजे? दुसरी कोण आहे?"

दिव्याला संग्रहासाठी 'गुरुवार १' हवा होता. मला तो ऐकायचा होता. वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत मी आईचं एकही काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. ती ते करत असताना मी त्याच खोलीत असायचे, पण पुस्तकात.

हनीफचाचा कंपनीत तिच्या शेजारच्या टेबलावर होते. आता पिंपरीत घरीच जुनी यंत्रं दुरुस्त करतात. आईचा टेपरेकॉर्डर त्यांनी आठवड्यात चालू करून ठेवला होता. टेपचं टोक त्यांनी नखाने उकलून पाहिलं. वेढे एकमेकांना चिकटले होते.

"ओल धरलीय, बेटा. अशीच लावली तर वरचा थर निघून हेडला चिकटेल. पन्नास डिग्रीवर आठ तास शेकली, तर एकदा वाजेल."

"एकदाच?"

"दुसऱ्यांदा वाजली तर आपलं नशीब."

भट्टी भोसरीत उद्धवरावांकडे होती. मोटारी रिवाइंड केल्यावर व्हार्निश वाळवायला ते ती वापरतात, आणि गुरुवारी ती रिकामी असते. हनीफचाचांच्या हातातलं खोकं बघून ते म्हणाले, "वहिनींनी पापड दिल्यात का भाजायला?"

"ओव्हाळबाईंचं संगीत आहे, उद्धवराव."

"त्या टेस्टिंगच्या बाई? आमच्या वडलांचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी दोनदा परत धाडला व्हता. लग्न तोंडावर, मांडव घातलेला, आन् बाई म्हनत्यात, हम हाय, देनार न्हाई!" मग मी कोण ते त्यांना कळलं. त्यांनी टोपी सारखी केली. "म्हंजे, बाई चोख व्हत्या, असं म्हनायचं मला."

'हम' म्हणजे यंत्र चालू असताना मागे येणारी विजेची घूं. ती ज्या सेटमधून येईल तो नापास, हेच आईचं आणि चाचांचं काम होतं.

उद्धवरावांनी काटा पन्नासवर आणला आणि संध्याकाळपर्यंत भट्टीसमोरची खुर्ची सोडली नाही.

शनिवारी सकाळी आम्ही 'गुरुवार १' लावला. हनीफचाचांनी मशीनच्या वायरी कॉम्प्युटरला जोडल्या. टेपला सतरा जोड होते. आई नको असलेला आवाज ब्लेडने कापायची आणि टोकं चिकटवायची. मी हात मांडीवर घेऊन बसले.

एक सूर आला, थांबला. दुसरा त्याच्याजवळ येऊन दूर गेला. मधूनमधून बारीक सळसळ ऐकू यायची. सूर स्वच्छ होते, पण कुठे टेकत नव्हते. भिंत नसलेल्या खोलीत चित्रं टांगावीत तसे. मला वाटलं, कमतरता माझ्यात आहे. मी संगीतातली नाही. बावीस मिनिटांनी टेप संपली तेव्हा हेडखाली तपकिरी पूड साचली होती.

"बघ," हनीफचाचा म्हणाले, "हम औषधालाही नाही! टेपवर एवढी होती, पण आपण मधे ही डबी लावली." वायरींच्या मधे त्यांनी स्वतः बनवलेली, हम गाळणारी पत्र्याची डबी होती. "फक्त ती सळसळ राहिली. कशाची आहे कोण जाणे."

"ती घूं कशी होती, चाचा?"

त्यांनी हलक्या आवाजात करून दाखवली, आणि मला आमची खोली दिसली.

भर दुपारी, खिडकी उघडी असताना, आई आधी ट्यूब लावायची. मग डोळे मिटून तोंडातल्या तोंडात एक सूर धरायची आणि ऑसिलेटरची बटणं फिरवत बसायची. मला म्हणायची, "तू वाच." ट्यूब माझ्यासाठी आहे असं मी धरून चालले होते. 'माझी आई' या निबंधात मी लिहिलंसुद्धा, की माझ्या वाचनासाठी ती दिवसाही दिवा लावते. आईने निबंध वाचला आणि खाली सही केली. पुढे बाबांनी ट्यूबचा घुमणारा चोक बदलायला काढला, तेव्हा मात्र ती म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही." घरभर एलईडी आले, तरी त्या खोलीत तोच चोक आहे.

मी हे सांगितलं. हनीफचाचांनी डबी उचलून बाजूला ठेवली.

"ऑसिलेटरची वायर सरळ मशीनला जोडता आली असती, तरी बाई खोलीत माइक ठेवायच्या," ते म्हणाले. "मला वाटायचं, वायर नसेल. चोकची ती घूं हाच त्यांचा तंबोरा होता, आणि मी तो पुसला. चाळीस वर्षं हम काढतोय, हात आपोआप गेला."

मी रागावले नव्हते असं नाही. पण ज्या माणसाने आईचं यंत्र जिवंत केलं, त्याला काय बोलायचं? मी विचारलं, "आता काही करता येईल?"

"टेपचा थर झडला, ती पुन्हा वाजणार नाही. पण चोक चालू आहे ना?"

"आहे. पण तेव्हाची विजेची लाइन वेगळी होती. सूर कसा जुळेल?"

"असू दे की! मशीनची मोटर लाइनच्या तालावर फिरते. तेव्हा लाइन मंद होती, तर मशीनही मंद फिरलं. आज लाइन पक्की आहे, मशीनही पक्कं फिरलं. तेव्हाचा सा आजच्या लाइनवर येऊन बसणार. बसलाच पाहिजे."

डबी त्यांनी आपल्या मुलीकडे दिली. "रुक्साना, ही लपवून ठेव. मी मागितली तरी देऊ नको." उरलेले दहा स्पूल डबीशिवाय उतरवायचे ठरले.

पुढच्या गुरुवारी, दुपारी बाराला, ते स्पीकर घेऊन आमच्याकडे आले. आईचा माइक तिच्या जागी ठेवला. मी ट्यूब लावली. ती दोनदा लुकलुकली, लागली, आणि चोक घुमू लागला. हा आवाज मी आयुष्यभर ऐकला होता, पण कधी ऐकला नव्हता. हनीफचाचांनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि शनिवारची प्रत लावली.

पहिला सूर आला आणि चोकवर टेकला. दुसरा त्याच्यापासून दूर गेला, आणि आता तो कुठून निघाला ते कळत होतं. हनीफचाचांनी डोळे मिटून मान हलवली.

दिव्याला मी सगळं खरं लिहून पाठवणार होते: हा सा मूळचा नाही, त्याच चोकचा आहे, पुन्हा लावलेला.

मग सळसळ आली. या खोलीत ती मला लगेच ओळखू आली. थोड्या वेळाने पुन्हा आली. कुकर, भाजीवाला, बाबांचा खोकला, सगळं आईने कापून काढलं होतं, आणि हे ठेवलं होतं.

हनीफचाचांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. माइक चालू होता. मी शेल्फवरचं एक पुस्तक घेऊन त्याच्या पानांकडे बोट केलं, आणि पान न उलटता तसंच मांडीवर धरून बसले. टेपवरच्या मुलीचं पुस्तक अजून संपलं नव्हतं.