चाळीस हजार खोकी

तिच्या अहवालाचं पान सात. किंमत उतरली की विक्री उसळते.

हे तिनेच लिहिलं होतं आणि त्यात काही चूक नव्हती. व्हिडिओ गेमच्या कन्सोलची दहा वर्षांची विक्री तिला तोंडपाठ होती. नवं मॉडेल आलं की उडी, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिखर, मग उतार. मध्येच एखादा गेम गाजला की उतारावर टेंगूळ. ऑफिसात तिला ज्योतिषीबाई म्हणत. अकरा वाजता साहेब तिच्या भाकितावर सही करणार होते: कंपनीने कन्सोलची चाळीस हजार खोकी मागवायची.

सव्वा दहाला तिने सहज दादाला फोन लावला. दादाचं कन्सोलचंच दुकान.

"किती शिल्लक आहेत रे तुझ्याकडे?"

"एकतीस. जिन्यावर रचलेत. तुझी वहिनी रोज अडखळते आणि माझा उद्धार करते."

"एकतीस? महिन्याला विकतोस किती?"

"चार. फार तर पाच."

"मग एवढे उचललेस कशाला?"

"अगं, मागे मालाचा दुष्काळ पडला, तेव्हा गिऱ्हाईकं तोंडावर हसून गेली माझ्या. आता मिळतंय तोवर भरून ठेवतो. सगळेच ठेवतायत. का गं? आवाज का असा?"

पान तीन. विक्री सलग सहा महिने चढती.

विक्री.

तिने मोजली होती ती कंपनीच्या गोदामातून निघालेली खोकी. गोदामातून निघालं म्हणजे विकलं गेलं, असंच खात्यात सगळे धरत. तुटवड्याच्या काळात ते बरोबरही होतं. तेव्हा खोकं दुकानात दुपारपर्यंत टिकत नसे. आता ते जिन्यावर चढून बसत होतं आणि तिच्या आलेखाची रेघ त्याच्याबरोबर वर चालली होती.

तिने आणखी दहा दुकानांना फोन केले. चौघांनी उचलला. एकाचा पोटमाळा भरलेला. दुसऱ्याने घरी पलंगाखाली सरकवलेत. तिसरा म्हणाला, मोजायला वेळ नाही, पण दार उघडत नाही. चौथा हसला. "बाई, तुम्ही दुकानदारांना धाडलेलं पत्रक वाचूनच घेतले की! चढतंय म्हणालात ना?"



पान नऊ, शेवटचं. दुकानांतल्या शिल्लक मालाबद्दल एक ओळही नाही. अकराला पाच कमी.

गप्प बसलं तर? पाच-सहा महिने कुणाला पत्ता लागणार नव्हता. बोललं तर आजच. आधीचा ज्योतिषी एका चुकीपायी घरी बसला होता आणि त्याची चूक या चुकीपुढे पोरखेळ होती.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "या, ज्योतिषीबाई! ग्रह काय म्हणतात?"

"थांबा." आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "सही नका करू. माझी रेघ खोटी आहे."

तिने सगळं सांगितलं. जिना, पोटमाळा, पलंग. साहेबांचं हसू उतरलं.

"आणि नवा गेम गाजला, लोक दारात आले, माल नसला, तर?"

"तशी भीती आहेच."

"मग मागवू किती?"

"नऊ हजार."

"कशावरून?"

"पाच दुकानांवरून."

"पाच!" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. "चाळीसच्या मागे दहा वर्षांचा कागद होता, बाई. नऊच्या मागे पाच फोन."

"हो."

त्यांनी चाळीस खोडून नऊ लिहिलं आणि कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"यावर सही तुमची. माझी नाही."

आजवर भाकितावर तिने कधी सही केली नव्हती. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पसरू लागला, तसं तिने घाईघाईने नाव लिहून टाकलं.