नागपूरचं ऊन आणि नायजरचं वळण

कमलाकर देशकरांनी सारी नोकरी नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली, आणि त्या साऱ्या भूगोलात त्यांचा जीव जडला तो एकाच नदीवर. ती नदी तरी जवळपासची असावी? तर नाही. आफ्रिकेतली नायजर! तशी समुद्राजवळच जन्मते, पण जन्मल्या जन्मल्या समुद्राकडे पाठ फिरवते, तडक सहाराच्या वाळूत जाते, आणि माली देशात टिंबक्टूच्या पुढे, घरी काहीतरी विसरल्यासारखी, वळून माघारी निघते. श्यामलाबाईंना हा धडा तोंडपाठ होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं तो त्यांना ऐकवला होता, आणि वर प्रश्नही विचारले होते.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये दोघं मुलाकडे, यतीनकडे, इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला आली. यतीन मेआधीच बोलावत होता, पण कमलाकरराव हलले नाहीत. उन्हाळा पुरा काढल्याशिवाय नागपूर सोडणं म्हणजे त्यांच्या मते पळपुटेपणा. आल्या आल्या यतीननं बातमी दिली, की पुढच्या वसंतात त्याची कंपनी त्याला पुण्याला परत बोलावतेय.

"म्हणजे माली यंदा, नाहीतर कधीच नाही," कमलाकरराव म्हणाले. खरंच होतं ते. लंडनहून पॅरिसमार्गे विमान होतं. नागपूरहून मालीला कोण जातंय?

त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला आणि तो काही उचलला जाईना. सून ऋजुता बिचारी नायजरच्या मुखावर वरणाचं पातेलं ठेवी. अडचण एकच होती, ऋतूची. प्रवास कंपनीतल्या बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं: जायचं ते नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चपासून नुसती आग. जूनपासून पाऊस, खालच्या भागातले रस्ते पाण्यात, आणि वर वाळवंटात तरीही आग. नोव्हेंबरात मात्र नदी भरलेली असते, बोटी चालतात, हवाही बरी असते.

पण परतीची तिकिटं होती ऑक्टोबरची, कारण दिवाळी. "दिवाळीत माझ्या दाराला कुलूप दिसणार नाही," हे श्यामलाबाईंनी निघण्याआधीच बजावलं होतं, आणि त्यात तडजोड नव्हती. मग कमलाकररावांनी आपला मार्ग काढला. जुलैअखेर जायचं!

"बाबा, जुलै इज द वर्स्ट टाइम," यतीन म्हणाला. "त्या बाईंनी पण सांगितलं ना?"

"त्या बाईंनी इंग्रजांसाठी सांगितलं. मी त्यांना स्पष्ट बोललो, मॅडम, आय ॲम फ्रॉम नागपूर."

हे वाक्य त्यांनी प्रवास कंपनीला ऐकवलं, लस टोचणाऱ्या नर्सला ऐकवलं, ग्रंथालयातल्या मुलीलाही ऐकवलं. आता खरं सांगायचं तर उन्हाचा अभिमान धरावा असं त्यात काय आहे? पण नागपूरकराला हे पटत नाही. दर मे महिन्यात कमलाकरराव आणि त्यांच्याच शाळेतले निवृत्त पीटी मास्तर सुखदेव वर्तमानपत्रातला पारा वाचून अशी मान डोलवत, जणू तो दोघांनी मिळून चढवला होता.

आणि मग इंग्लंडचा पारा चढला. त्या जुलैत अशी लाट आली की दुकानातले पंखे संपले. यतीनचं घर थंडीसाठी बांधलेलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, खिडक्या बोटभर उघडणाऱ्या. श्यामलाबाई ओला टॉवेल मानेवर घेऊन बसल्या होत्या.

"पस्तीस!" कमलाकरराव हसले. "पस्तीसला आमच्याकडे लोक स्वेटर शोधतात." आणि आफ्रिकेवरची पुस्तकं परत करायला ते भर दुपारी दोनला ग्रंथालयाकडे निघाले.

"अहो, डोक्याला तरी काही बांधा. पाणी तरी घ्या."

"हे ऊन नव्हे, श्यामला. हे चांदणं आहे."

तासाभरानं ऋजुताचा फोन वाजला. सासरे बसस्टॉपवर बसल्या बसल्या कलंडले होते. दोघी धावत गेल्या, तेव्हा सावलीत त्यांना टेकवून दोन गोऱ्या आज्या त्यांच्या डोक्यावर बाटलीनं पाणी ओतत होत्या. शेजारी ॲम्ब्युलन्सवाला नाडी बघत होता.

"बिचारे," एक आजी कळवळून म्हणाली, "एवढ्या उन्हाची सवय नसणार त्यांना."

श्यामलाबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. घाबरल्या होत्या त्या. पण त्या चेहऱ्यावर उन्हापेक्षा या वाक्याचा तडाखा मोठा दिसत होता.

"सर, तुम्ही भारतात कुठले?" ॲम्ब्युलन्सवाल्यानं विचारलं.

कमलाकररावांनी डोळे मिटले. "महाबळेश्वर," ते म्हणाले. "हिल स्टेशन. व्हेरी कोल्ड."

घरी आल्यावर त्यांनी नकाशा घडी घालून कपाटावर ठेवून दिला. "थोडी चक्कर आली. सकाळी नीट खाल्लं नव्हतं," एवढंच. यतीननं जुलैचा बेत रद्द केला. आठवडाभर घरात नायजरचं नाव निघालं नाही. ऋजुताला पातेलं ठेवायला सारं टेबल मोकळं मिळालं, आणि तरी जेवण कुणाला गोड लागेना. जी नदी ऐकून ऐकून श्यामलाबाईंचे कान किटले होते, तिच्याविना त्यांना करमेनासं झालं. हा माणूस नायजर न बघताच गेला तर?

रविवारी सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "नोव्हेंबरात जाऊ. व्हिसा डिसेंबरपर्यंत आहे. तिकिटं बदलून घ्या."

"आणि दिवाळी?"

"इथं करू. दाराला कुलूप दिसलं तर दिसू दे. पण माझी एक अट आहे. सुखदेवभाऊजींना फोन करायचा आणि सांगायचं, मला ऊन लागलं."

कमलाकररावांचा कप हातातच राहिला. "ऊन नव्हतं ते. चक्कर—"

"अहो, नागपुरात अकरा ते पाच तुम्ही कूलरसमोरून हलता का? हलायची वेळ आलीच तर डोक्याला पंचा, खिशात कांदा, पोटात पन्हं. नागपूरकराला ऊन सोसत नाही, चुकवता येतं. तेवढं तुम्ही इथं विसरलात. ऊन लागलं हे ज्याला कबूल करता येत नाही, त्याच्याबरोबर मी वाळवंटात पाऊल टाकणार नाही. आणि एकट्याला तर मुळीच सोडणार नाही."

कमलाकररावांनी कप खाली ठेवला. मग उठून त्यांनी फोन लावला. श्यामलाबाईंनी शेजारी जाऊन स्पीकरचं बटण दाबलं.

"काय बे कमलाकर! कसं काय इंग्लंड?"

"सुखदेव," कमलाकरराव म्हणाले, "मला ऊन लागलं."

"काऊन, तू तर तिकडं आहेस ना?"

"इथंच लागलं."

"किती होतं?"

"पस्तीस."

पलीकडे अशी शांतता पसरली की श्यामलाबाईंना वाटलं, लाइन तुटली. मग सुखदेव दबक्या आवाजात म्हणाले, "कोणाला सांगितलं तर नाही ना?"

"नाही. तुलाच."

"अन् तिथल्या लोकांना? कुठला म्हणून सांगितलं?"

"महाबळेश्वरचा."

"शाब्बास!" सुखदेवांनी सुटकेचा श्वास सोडला. "वाचवलंस बे गावाला. आता तब्येत सांभाळ."

श्यामलाबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. त्या बाहेर आल्या, तेव्हा नकाशा टेबलावर होता.

"हे बघ, इथं वळते ती," कमलाकरराव म्हणाले.

एवढ्या वर्षांत श्यामलाबाई पहिल्यांदाच खुर्ची ओढून त्या नकाशासमोर बसल्या. "आणि आपण कुठं उतरायचं?"

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मग जरा वेळानं, नकाशावरची नजर न काढता म्हणाले, "कांद्याची काळजी नको. तिकडे मालीत डोंगरकड्यांच्या पायथ्याशी लोक कांदाच पिकवतात."

"तरी दोन इथून नेऊ," श्यामलाबाई म्हणाल्या. "विमानतळावर उतरल्यावर लागतील."