कार्डावरचे एकसष्ट हजार

मुकुंदासाठी मी किती धावलो हे आमच्या साऱ्या गल्लीला पाठ आहे, कारण मीच ते सांगत फिरलो. मुकुंद माझा सख्खा धाकटा भाऊ. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीचा स्टोअरकीपर. तेवीस वर्षं गोदामाच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडलो. कमरेला किल्ल्या असल्या की माणसाला वाटायला लागतं, जगातलं सगळं आपल्यालाच कळतं.

दोन हजार पाचच्या मार्चात मुकुंदाच्या छातीत पहिल्यांदा दुखलं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि एप्रिलअखेरची तारीख दिली. त्यानं फंडातून पैसे काढले. मागं एकदा औरंगाबादच्या स्टँडवर त्याचं पाकीट मारलं होतं, तेव्हापासून रोकड जवळ बाळगायची त्याला धास्ती. मला म्हणाला, "दादा, पैसे क्रेडिट कार्डावर भरून ठेवलेत. दवाखान्यात कार्ड चालतं."

मी हसलो. "अरे, कार्ड म्हणजे उधारी. उधारीच्या वहीत आगाऊ पैसे भरणारा शहाणा तूच!"

थोरल्या भावाशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही. कसली डोंबलाची रीत!

तारीख उजाडायच्या आत, सतरा एप्रिलला सकाळी तो आंघोळीहून आला आणि तिथंच खाली बसला. जीप करून त्याला औरंगाबादला नेलं. काउंटरवर सांगितलं, चाळीस हजार भरा, लगेच आत घेतो. मुकुंदाच्या बायकोनं, रजनीनं, पर्समधून कार्ड काढून पुढं केलं. मी तिचा हात मागं सारला.

"ठेव ते. आपल्या घरात कुणी उधारीवर दवाखाना केला न्हाई. मी नगद घेऊन येतो."

"भाऊजी, त्यात पैसे हायेत. यांनी भरलेत."

"तुला यातलं कळतं का काही?" मी काउंटरसमोर, चार लोकांत ओरडलो. तिनं कार्ड पर्समध्ये ठेवलं.

तिथून जालना साठ-पासष्ट किलोमीटर. रविवार होता, बँक बंद. कंपनीचे मालक, एक मित्र, एक पाहुणा, अशी तीन दारं हिंडून रक्कम जमवली. पाचला परत पोचलो. मुकुंद साडेतीनला गेला होता. डॉक्टर म्हणाले, दुपारी एकपर्यंत आत घेतलं असतं तर आशा होती. मी खिशातल्या नोटा दाखवत रडलो आणि सगळे म्हणाले, जगन्नाथनं भावासाठी जिवाचं रान केलं.

नवव्या दिवशी कार्डाच्या बँकेचं पाकीट आलं. मी फोडलं. सगळं इंग्रजीत, पण खालचा आकडा मला दिसला : उणे ६१,४००. आमच्या स्टॉक रजिस्टरला उणे दहा लिहिलं तर त्याचा अर्थ दहा पोती कमी, आणि ती स्टोअरकीपरनं भरून द्यायची. माझ्या डोक्यात पक्कं बसलं, मुकुंद कर्ज ठेवून गेला. म्हणूनच कार्ड कार्ड करत होता बिचारा.

दहाव्याला कुंडलिकेच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मी हात जोडून म्हणालो, रजनीला सांभाळीन. कावळा झाडावर. म्हणालो, तुझ्या पोरीला, अरुंधतीला, इंजिनिअर करीन. कावळ्यानं मान फिरवली. अर्धा तास झाला, पाहुणे घड्याळं बघायला लागले, गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेव्हा मला ते पाकीट आठवलं. मी मोठ्यानं म्हणालो, "मुकुंदा, कार्डाचं कर्ज फेडतो. तुझ्यावर एक पैसा ठेवणार न्हाई."

आणि कावळा उतरला. पिंडाला चोच मारली. कुणीतरी म्हणालं, "देणं खात होतं त्याला." माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटला.

रजनीला घरी येऊन सांगितलं. तिनं पुन्हा तेच : "भाऊजी, ते यांनी भरलेले असतील. एकदा विचारून तर घ्या."

"बँक कधी कुणाचं देणं लागते का? आणि प्रत्यक्ष कावळा शिवला, त्याच्यापुढं तुझं माझं काय?"

नवऱ्याच्या आत्म्याच्या आड बायको आली, असं म्हणायला सगळे टपलेलेच होते. तिनं पाटल्या आणि गोफ काढून दिला. सराफ्यात त्याचे सत्तेचाळीस हजार आले. वरचे चौदा हजार चारशे मी घातले आणि तेही चारचौघांना ऐकवलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा पाकीट. उणे १,२२,८००. माझं डोकंच फिरलं. फेडलं तर दुप्पट? भांडायला औरंगाबादच्या शाखेत गेलो. वारस लागेल म्हणून रजनीला आणि मृत्यूचा दाखला सोबत घेतला. टेबलावर कागद आपटून मी नाही नाही ते बोललो. खुर्चीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, पाणी घ्या," त्या म्हणाल्या. "कार्डावर उणे म्हणजे तुमचं देणं नाही. बँक तुम्हाला देणं लागते. सहा एप्रिलला साहेबांनीच पैसे भरले होते, जुनं बिल वजा जाऊन एकसष्ट हजार चारशे उरले. तुम्ही वर तेवढेच आणखी भरलेत. अर्ज द्या, दाखला आणि वारसाचे कागद जोडा. सगळी रक्कम चेकनं परत मिळेल. कार्डही बंद करून टाकू."

रजनीनं फक्त एक विचारलं. "मॅडम, सतरा एप्रिलला दवाखान्यात चाळीस हजाराला हे कार्ड चाललं असतं?"

"हो. का नाही?"

तिनं अर्जावर सही केली. अक्षर जरासुद्धा हललं नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. तिनं मला शिव्या द्याव्यात, सगळ्या बसदेखत माझ्या तोंडावर थुंकावं, असं मला वाटत होतं. जालना जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार न्हाई, भाऊजी. पण अरूला सांगावं लागेल. ती रोज विचारून राह्यली, बाबांनी कर्ज कशापायी काढलं म्हणून. ते तुम्ही सांगा. माझ्याच्यानं होणार न्हाई."

दार अरुंधतीनंच उघडलं. बारावीची पोर, हातात पुस्तक. रजनी सरळ आत निघून गेली.

"काका, काय म्हणले बँकवाले? किती राहिलंय बाबांचं देणं?"

"देणं नव्हतं, बाळा. कार्डावर बाबाचे पैसे होते. एकसष्ट हजार."

तिचा चेहरा उजळला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "म्हंजे बाबांनी कर्ज केलंच नव्हतं? मला वाटलंच होतं!"

मग तिचं हसू थांबलं. पोर हुशार आहे, बापावर गेली आहे.

"काका," ती म्हणाली, "कधीपासून होते?"

मी तिला तारीख सांगितली.