चार नंबरची बदली

वर्कशॉपमध्ये सगळे त्याला जावई म्हणायचे. फोरमनची मुलगी केली म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा असलेला गेटवरचा वॉचमनही "काय जावई, आज उशीर?" असं विचारायचा. त्याने दोन-तीनदा कुरकुर करून पाहिली, मग सोडून दिलं.

फोरमनला सगळे मायक्रोन म्हणत, अर्थात त्याच्या पाठीमागे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोन, आणि तेवढ्या फरकानेही या माणसाचं जेवण बिघडायचं. वर्कशॉपमध्ये तो जावयाला अरे-तुरे करी. तोच माणूस रविवारी नातीला भेटायला घरी आला की "तुम्ही बसा जावईबापू, पाणी मी घेतो" म्हणे. जावयाला दोन्हींची सवय होती. फक्त सोमवारी सकाळी पहिला तासभर त्याचा जरा गोंधळ उडायचा.

इथे पितळेचे व्हॉल्व्ह बनत. बाकीची मशीन्स कॉम्प्युटरवर चालणारी, आकडे भरले की आपली आपण फिरणारी. चार नंबरचं लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं यंत्र, तेवढं जुनं, हाताने चालवायचं. छोट्या, आडमाप ऑर्डरी त्याच्यावर निघत. आणि हे लेथ जावयाशिवाय दुसऱ्या कोणाचंही ऐकत नसे. दोघातिघांनी हात लावून पाहिला होता आणि ढीगभर भंगार करून ठेवलं होतं. जावई वरवर हळहळला, पण आतून त्याला गुदगुल्या झाल्या.

तर गोष्ट रजेची. नव्या कायद्याने आईला साडेदहा महिन्यांची रजा दिली होती. पाळणाघर मात्र मूल वर्षाचं झाल्याशिवाय घेत नव्हतं. मधले सहा आठवडे कायद्याने बापाला दिले होते, तेही पगारी. हे कलम ज्याने कोणी लिहिलं त्याच्या घरात तेव्हा नक्की कोणीतरी रांगत असणार, असं जावयाचं ठाम मत होतं.

कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात वर्कशॉपमध्ये सातजण बाप झाले आणि अर्ज एकही आला नाही. कोणी आईवर भागवलं, कोणी सासूवर. दुपारपाळीचा टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, ज्याला अखंड बडबडीमुळे रेडिओ म्हणत, तो तर म्हणाला होता की सहा आठवडे घरी राहिलो तर आपण किती निरुपयोगी आहोत हे बायकोला पक्कं कळेल, त्यापेक्षा संशय बरा.

जावयाकडे असा काही पर्याय नव्हता. त्याचे आईवडील दुसऱ्या गावात दुकान सांभाळत होते, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. त्याची बायको शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये होती. भिंतभर दिवे, आणि कुठल्या भागात पाणी किती जोरात सोडायचं हे ठरवणारी एक खुर्ची. त्या खुर्चीसाठी ती सात वर्षं खपली होती. रजा संपताच सोमवारी हजर झाली तर खुर्ची तिची. नाही झाली तर ती दुसऱ्याला, आणि हिची रवानगी तलावाकाठच्या पंपावर, जायला दोन तास आणि यायला दोन तास.

"मग पोरगी मला फक्त झोपलेली दिसणार," ती म्हणाली होती. एवढंच म्हणाली आणि लंगोट वाळत घालायला लागली, म्हणून जावयाला ते जास्तच लागलं.

त्याने अर्ज भरला आणि मायक्रोनसमोर धरला. मायक्रोनने तो वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. बदली कामगाराचे नाव. बदली मिळत नसेल तर रजा सहा आठवडे पुढे ढकलता येईल, असं खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं. चार नंबरवर कोण उभा राहणार, असं त्याने विचारलं. "बघू," मायक्रोन म्हणाला, अर्जाची चौघडी केली आणि खिशात घातली. अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसात पोचायला हवा होता. हातात दहा दिवस होते. पण मायक्रोनच्या तोंडी 'बघू' म्हणजे 'नाही', हे वर्कशॉपमध्ये शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

दुसऱ्याच दिवसापासून चार नंबरवर भलतंच काही सुरू झालं. जावई दुपारी साडेतीनला पाळी संपवताना मशीन पुसून, तेल देऊन, सगळी हँडलं एका रेषेत लावून जायचा. ही इथली रीत होती. दुसऱ्याच्या मशीनला न सांगता हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या डब्यातून घास उचलण्यासारखं. आणि सकाळी येऊन पाहतो तर मशीन स्वच्छ, पण एक हँडल पाव फेरा इकडे. कापायच्या हत्याराचं टोक बोथट. खालच्या ट्रेच्या कोपऱ्यात पितळेच्या किसाचं एखादं वेटोळं, त्याच्या हातचं नसलेलं. त्याच्या हातचा कीस लांब निघायचा, हा तुटक होता.

एक दिवस झालं, दोन दिवस झालं, तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. दुपारपाळीला असतो कोण? रेडिओ. मशीन खिळखिळं करायचं, म्हणजे ऐन वेळी रजा अडणार, आणि आठवा बापही सातांच्या रांगेत येऊन बसणार. जावयाने त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं आणि चार लोकांत नाही नाही ते बोलला. रेडिओने मुलांच्या शपथा घेतल्या, आणि मग एकदम गप्प झाला. रेडिओ गप्प झाला म्हणजे पाणी मुरतंय, असं धरून जावई घरी आला.

रविवारी मायक्रोन नेहमीप्रमाणे आला. नातीला मांडीवर घेतलं, तिच्याकडून चष्मा ओढून घेतला, तिने तो परत ओढला, असं तासभर चाललं. शेवटी ती त्याच्या खांद्यावर झोपली आणि तो हात अवघडला तरी हलला नाही. अर्जाबद्दल चकार शब्द नाही. तो गेल्यावर बायको म्हणाली, मी विचारते बाबांना. जावई म्हणाला, मध्ये पडू नकोस, ही वर्कशॉपची गोष्ट आहे.

"वर्कशॉपची?" ती म्हणाली. "मूल काय वर्कशॉपमध्ये झालं?"

त्याने भांडी घासायला घेतली.

बुधवार उजाडला तरी अर्ज खिशातच. त्या दिवशी जावई पाळी संपवून निघाला, गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथे चहा घेतला आणि पाच वाजता गुपचूप मागच्या दाराने आत शिरला. चार नंबर चालू होतं. आवाजावरूनच त्याने ओळखलं की चालवणारा नवशिक्या नाही. हात सराईत होता, फक्त घाबरत होता. मशीनच्या आडून त्याने डोकावून पाहिलं.

मायक्रोन होता. अंगात जुना निळा एप्रन, कपाळावर घाम, आणि समोरच्या फळीवर ओळीने मांडलेले अकरा व्हॉल्व्ह. बारावा त्याने मशीनच्या पकडीतून काढला आणि मापाचं गेज लावून पाहिलं. गेजचं एक टोक आट्यांत बसलं पाहिजे आणि दुसरं बसता कामा नये. दुसरंही आरामात आत गेलं, म्हणजे हाही बाद. मायक्रोनने बारावा व्हॉल्व्ह अकरांच्या शेजारी ठेवला, आणि मान वर केली तर समोर जावई.

मायक्रोनने एप्रनला हात पुसले.

"रेडिओने सांगितलं?" त्याने विचारलं.

जावयाने नकारार्थी मान हलवली. ज्याला चार लोकांत फाडून खाल्लं तो बिचारा सगळं माहीत असूनही तोंड शिवून बसला होता, हे लक्षात येऊन त्याचे कान तापले.

मग मायक्रोन बोलायला लागला, व्हॉल्व्हकडे बघत. बदलीच्या रकान्यात त्याला स्वतःचं नाव घालायचं होतं. पण मशीन सोडून बारा वर्षं झाली होती. लोकांवर ओरडायला हात चालावा लागत नाही, इथे लागतो. आठ दिवस झाले, एकही व्हॉल्व्ह पास होत नाही. नाव लिहायचं आणि सोमवारी भंगार काढायचं, हे त्याच्याने झालं नसतं. "हे मशीन मी तुला शिकवलं," तो म्हणाला. "आता तेच मला ओळख दाखवत नाही."

जावयाचा राग कुठल्या कुठे गेला. त्याने बारा व्हॉल्व्ह एकेक करून पाहिले. सगळ्यांत चूक एकच, आणि तेवढीच. ते पाहून त्याला जे कळलं ते कबूल करणं सोपं नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला. वर्कशॉपमध्ये तो हा शब्द कधी वापरत नसे. "हँडलमध्ये ढिलाई आहे. आधी अर्धा फेरा उलटं फिरवायचं आणि मग पुढे घ्यायचं. नाहीतर प्रत्येक नग जास्त कापला जातो."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"रजिस्टरमध्ये लिहिलंस?"

जावई गेज पुसू लागला. मशीनची प्रत्येक खोड रजिस्टरमध्ये लिहायची, हा या वर्कशॉपचा पहिला नियम, आणि तो मायक्रोननेच घातलेला. जावयाने ती खोड बोटांत ठेवली होती. दुसरे फसले की त्याला बरं वाटायचं. आपल्यावाचून अडतं, यातलं सुख त्याने चार वर्षं चाखलं होतं.

"म्हणजे तुला बदली मिळत नाही ती तुझ्यामुळे," मायक्रोन म्हणाला.

"हो."

आता फटका पडणार म्हणून जावयाने खांदे आवळले. मायक्रोन हसायला लागला. त्याचं हसू वर्कशॉपमध्ये कोणी पाहिलेलं नव्हतं. पलीकडे रेडिओचं मशीन बंद पडलं, ते बहुधा त्यामुळेच. "चला," मायक्रोन डोळे पुसत म्हणाला, "दाखवा."

बुधवारी सहापर्यंत, गुरुवारी सहापर्यंत आणि शुक्रवारी चारपर्यंत जावयाने सासऱ्याला शिकवलं. मायक्रोन विद्यार्थी म्हणून महाकठीण. प्रत्येक गोष्टीला का विचारायचा, आणि उत्तर मिळालं की ते उत्तर कसं चुकीचं आहे ते सांगायचा. पण हात परत येत होता. शुक्रवारी ओळीने पाच व्हॉल्व्ह पास झाले. जावयाने रजिस्टर उघडून चार वर्षं उशिराची नोंद स्वच्छ अक्षरात लिहिली, आणि जाऊन रेडिओची माफी मागितली. रेडिओने माफी दिली आणि वर पाऊण तास बोलला.

ऑफिसातल्या क्लार्क बाईंनी अर्ज पाहून चष्मा सावरला. फोरमनला टर्नरची बदली म्हणून लावता येत नाही, हुद्दा वरचा पडतो, असं त्या म्हणाल्या. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती. मायक्रोन म्हणाला, सहा आठवडे हुद्दा खाली घ्या. असा रकाना नाही, बाई म्हणाल्या. तर मग पेन्सिलने आखा. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि पट्टी काढून रकाना आखला. दोन वर्षांत आलेला पहिलाच अर्ज होता, त्यांनाही तो परत पाठवायचा नव्हता.

सोमवारी साडेसहाला बायको निघाली. दारातून तीनदा परत आली, चौथ्यांदा जावयाने दार लावून घेतलं. साडेआठला तिचा फोन आला. खुर्ची जागेवर होती आणि अर्ध्या शहराला तिने पाणी सोडलं होतं. तोपर्यंत इकडे लेकीने बापावर दूध सांडलं होतं, एकदा पलंगाखाली अडकली होती आणि वर्तमानपत्राचं अर्धं पान खाल्लं होतं. आठ तास लेथवर उभं राहणं म्हणजे आराम असतो, हे जावयाला दहाच्या आत कळलं.

अकराला पुन्हा फोन वाजला. वर्कशॉपमध्ये ही चहाची सुट्टी. मायक्रोनचा नंबर पाहून जावयाने घाईने फोन उचलला. मशीन बिघडलं का, असं त्याने पहिलं विचारलं.

"मशीनला काय झालंय? सकाळपासून तीस झाले, एकच रिजेक्ट." मग मायक्रोनने आवाज खाली आणला. "ती काय करतेय?"

"कंट्रोल रूममध्ये आहे, मघाशीच फोन..."

"ती नाही. छोटी."

जावयाने वळून पाहिलं. ती खुर्चीत बसली होती, हातात चमचा होता.

"तुझी बायको एवढी होती तेव्हा," मायक्रोन म्हणाला, "मी सातला निघायचो. परत यायचो तेव्हा ती झोपलेली. सकाळी अकराला एवढं मूल काय करतं, ते मला ठाऊकच नाही रे."

जावयाने जसं होतं तसं सांगितलं. चमचा खाली टाकते. मी उचलून देतो. ती चमच्याकडे बघते, माझ्याकडे बघते आणि परत टाकते. आणि हसते.

"किती वेळा झालं?"

"एकोणीस."

पलीकडे सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. अर्ध्या मिनिटाच्या उशिरासाठी माणसांना दारात उभं करणारा मायक्रोन फोन ठेवेना.

"वीस होऊ दे," तो म्हणाला. "मग जातो."